लाल ठिपक्याचं सील

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी त्या मशीनला हात लावला नव्हता. स्क्रूड्रायव्हर लावला होता. हा फरक हिला आजही मान्य नाही, पण ज्या माणसाने वजनमापं खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली, त्याला शब्दही मोजून वापरायची सवय लागते. त्याला मी तरी काय करणार?

दुसरी गोष्ट. धाग्याच्या ताणाला भरतकामाच्या धंद्यात टेन्शन म्हणतात. त्या शब्दावरचा विनोद त्या दोन दिवसांत मला अकरा जणांनी ऐकवला. तेवढे पुरे झाले. बारावा इथे होणार नाही.

तर शनिवारी सकाळी नऊला हिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, की ती जिन्यावरून पडली आणि पाय प्लास्टरमध्ये आहे. ही लगेच पिशवी भरायला लागली. पण पिशवी भरताना तिचं निम्मं लक्ष समोरच्या खोलीत होतं. समोरची खोली म्हणजे पूर्वी माझी पेपर वाचायची खोली. गेल्या महिन्यापासून तिथे बारा सुयांचं भरतकामाचं मशीन आहे, आणि मी पेपर स्वयंपाकघरात वाचतो. उभ्याने. तक्रार नाही, आपली माहिती म्हणून सांगितलं.

त्या मशीनवर हिला अग्निशमन दलाचं चिन्ह भरायचं होतं. गडद निळ्या कापडावर लाल शिडी आणि खाली ‘सदैव सज्ज’ अशी अक्षरं. सोमवारी सकाळी अकराला दोन नमुने मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेले पाहिजेत. पसंत पडले तर दलाच्या सगळ्या कोटांचं काम हिच्याकडे येणार. पंचवीस वर्षं शेजारणींच्या उशांच्या अभ्र्यांवर मोर काढत बसलेल्या बाईला पहिल्यांदाच कोणीतरी ‘मॅडम’ म्हणून टेबलासमोर खुर्ची दिली होती. तिला ते काम हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. ती बोलून दाखवत नव्हती, पण आठवडाभर माझ्या चहात साखर दोनदा पडत होती, त्यावरून मला कळलं. दलाने नमुन्यासाठी कापडाचे मोजून पाच तुकडे दिले होते. ते आगीला दाद न देणारं खास कापड, बाजारात मिळत नाही.

आणि नेमकं शनिवारीच चिंधीवर काढलेल्या लाल शिडीवर पांढरे ठिपके उमटले.

“खालच्या बॉबीनचा धागा वर येतोय,” चिंधी उजेडाकडे धरून ही म्हणाली. “आता वेळ नाही. उद्या संध्याकाळी येऊन बघते मी. तुम्ही हात लावू नका.”

“मी कशाला हात लावतोय?”

“लावू नका म्हणजे लावू नका. ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“काय ऐकलंत?”

“हात लावायचा नाही.”

“आणि पोळपाटाखाली बिलं ठेवलीयत तीही हलवू नका,” असं म्हणून ती गेली. बिलांचा इथे काही संबंध नाही, पण माझ्यावर या घरात किती विश्वास आहे ते आपल्या लक्षात यावं.

आता मला सांगा, हे असं कोणाला सांगायचं असतं? भल्याभल्या व्यापाऱ्यांचे काटे मी बंद केलेत. पारड्याच्या खाली चिकटवलेली मेणाची गोळी मी नुसतं बोट फिरवून ओळखायचो. “आधी पारडं पुसा, मग वजन करा,” हे माझं वाक्य खात्यात इतकं प्रसिद्ध होतं, की निरोप समारंभाला तेच लिहिलेली मखमली पेटी मला दिली. आत पितळेची छोटी वजनं, एक ग्रॅमपासून शंभर ग्रॅमपर्यंत. तो माणूस बायको घरात नाही म्हणून एका बॉबीनपुढे हात बांधून बसेल? मी तासभर बसलो. स्वतःशी प्रामाणिक राहायचं तर चाळीस मिनिटं.

मग मशीनचं पुस्तक उघडलं. वाचायला बंदी नव्हती. त्यात असं होतं, की बॉबीन एका लोखंडी डबीत बसते. डबीच्या अंगाला एक पातळ पट्टी असते, धागा तिच्याखालून बाहेर येतो. पट्टीवर तिळाएवढा स्क्रू. तो आवळला की पट्टी दाबते आणि धागा घट्ट येतो, सैल केला की सैल. ताण बरोबर आहे का ते बघायला धागा धरून डबी लोंबकळत ठेवायची आणि हलका झटका द्यायचा. डबी बोटभर खाली यावी आणि थांबावी. हाताला लागणारं वजन, पुस्तक म्हणत होतं, सुमारे बावीस ग्रॅम.

सुमारे! हा शब्द वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या खात्यात ‘सुमारे’ म्हणणाऱ्याला नोटीस जायची.

डबी बाहेर काढली, धागा धरला, झटका दिला. डबी थांबली नाही. ती सरळ जमिनीवर गेली आणि तिथून कपाटाखाली. मी पोटावर झोपून फूटपट्टीने ती ओढत असताना दारात समोरच्या घरातले तज्ज्ञ उभे राहिले. यांना आम्ही तज्ज्ञ म्हणतो, कारण त्यांनी प्रत्येक विषयावरचं निम्मं पुस्तक वाचलंय.

“व्यायाम का?” तज्ज्ञ म्हणाले.

“दुरुस्ती,” मी कपाटाखालून म्हणालो.

त्यांनी चप्पल काढली. माणसाने चप्पल काढली की तो तासभर हलत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

पण आधी माझं काम. मी मखमली पेटी उघडली. वीस ग्रॅम आणि दोन ग्रॅम, दोन्ही वजनं धाग्याला बांधली आणि स्क्रू थोडा थोडा आवळत गेलो. वजन सर्रकन खाली, आणखी पाव फेरा, पुन्हा सर्रकन, आणखी पाव फेरा. चौदाव्या खेपेला बावीस ग्रॅमला धागा जागीच थांबला आणि बोटाचा हलका धक्का दिल्यावर सावकाश सरकला. सुमारे नाही, बरोबर बावीस! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्या वजनांचा उपयोग झाला होता.

नमुना खऱ्या कापडावरच तपासावा, चिंधीवर नव्हे, असा माझा जुना नियम. मी पाचातला एक तुकडा फ्रेममध्ये ताणला आणि बटण दाबलं. शिडीचा एक दांडा झकास आला. लाल म्हणजे नुसता लाल. मी तज्ज्ञांकडे असं पाहिलं, की त्यांनी नजर वळवली. दुसऱ्या दांड्याच्या मध्यावर मशीनच्या पोटात काहीतरी कुटकन वाजलं, धागा तुटला आणि मशीन केकाटायला लागलं. खाली पाहिलं तर कापडाला धाग्याच्या गुंत्याचं चिमणीचं घरटं चिकटलेलं. एक तुकडा गेला.

“चूक तुमची नाही,” तज्ज्ञ म्हणाले. ही त्यांची चूक दाखवायची पद्धत आहे. “तुम्ही खाली आवळलंत, आता वर सैल करायला हवं. लाल धागा कितव्या सुईवर?”

“सातव्या.”

वर बारा सुयांची बारा बटणं होती. तज्ज्ञांनी डावीकडून सात मोजून सातवं बटण सैल केलं. काहीच फरक पडेना, म्हणून आणखी सैल केलं. मग मी केलं. मग ते बटण हातातच आलं आणि त्याच्यामागची स्प्रिंग उडून माझ्या चहात पडली. तेव्हा कुठे मी पुस्तक पुन्हा पाहिलं. या मशीनची मोजणी उजवीकडून होते.

“म्हणजे आपण सहावी सैल केली,” मी म्हणालो.

“मग तसं आधी सांगायचं नाही का?” तज्ज्ञ चिडले. “आता सगळीच सारखी सैल करा, म्हणजे अन्याय नको.”

हे वाक्य त्या क्षणी मला अतिशय न्याय्य वाटलं. चहातली स्प्रिंग पुसून ते बटण परत बसवलं आणि आम्ही बाराही बटणं सैल केली. दुसऱ्या तुकड्यावर शिडी आलीच नाही, तिच्या जागी लाल शेवाळ आलं. दुसरा तुकडा गेला. तज्ज्ञांना अचानक घरी कुकर लावल्याचं आठवलं.

मी कपाळाला हात लावून बसलो असताना वरच्या मजल्यावरचे व्हायोलिन मास्तर खाली आले. मशीन ज्या सुरात केकाटत होतं तो त्यांच्या शिकवणीत घुसत होता, अशी तक्रार घेऊन आले होते. पण ताणलेला धागा दिसल्यावर त्यांची तक्रार विरघळली. त्यांनी तो कानाजवळ घेऊन बोटाने छेडला आणि डोळे मिटले.

“बसलाय,” ते हळू आवाजात म्हणाले.

“कुठे बसलाय?”

“सूर बसलाय हो. चढवा. अजून चढवा.”

मी आवळत गेलो, ते छेडत गेले. बाराही धागे त्यांनी सुरात लावले, खर्जापासून वर चढत. खरं सांगतो, ऐकायला गोड वाटत होतं. तिसऱ्या तुकड्यावर मशीनने सहा टाके घातले आणि सातव्याला धागा आणि सुई दोन्ही तुटली.

“तुटली म्हणजे आपण अगदी जवळ आलो होतो,” मास्तर समाधानाने म्हणाले आणि शिकवणीला निघून गेले.

आता तुकडे राहिले दोन. द्यायचे नमुने दोन. मशीन निर्जीव, कापड निर्जीव, पण मला तिची ती खुर्ची दिसायला लागली, साहेबांच्या टेबलासमोरची. मी काय करून बसलो होतो? निदान सगळं होतं तसं ठेवावं म्हणून मी नवी सुई बसवली आणि डबी पुन्हा हातात घेतली. भिंग लावून स्क्रू पाहिला.

त्या स्क्रूवर लाल रंगाचा बारीक ठिपका होता. अर्धा स्क्रूवर, अर्धा पट्टीवर. स्क्रू फिरल्यामुळे ठिपक्याची दोन शकलं झाली होती.

सामान्य माणसाला हा नुसता रंग वाटला असता. मी ते ओळखलं. सील! कंपनीने स्क्रू जुळवून त्यावर लावलेलं सील. ते तुटलं की वॉरंटी संपली. एकतीस वर्षं मी ज्यांना ‘सील कोणी तोडलं?’ असं दरडावून विचारलं, ते सगळे दुकानदार माझ्या डोळ्यांसमोर रांगेने उभे राहिले. त्यांतला एक तर हसतही होता.

यापुढचं सांगायला जीभ अडखळते. मी डबी रुमालात गुंडाळून कोपऱ्यावरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाईंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“या रंगाचं नेलपॉलिश हवंय,” मी भिंग पुढे करून म्हणालो.

बाईंनी भिंगातून पाहिलं. “हा? हा तर ताई घेऊन गेल्या की, गेल्याच आठवड्यात. संपलं पण?”

“कोण ताई?”

“तुमच्या घरच्या.”

हिने लग्नापासून एकदाही नखं रंगवल्याचं मला आठवत नाही. बहिणीसाठी घेतलं असणार. मी विषय वाढवला नाही. दुकानात आणखी दोन बायका होत्या आणि त्या माझ्या नखांकडे बघत होत्या. बाटली खिशात टाकून मी जवळजवळ पळत घरी आलो.

काडीच्या टोकाने, श्वास रोखून, मी ठिपका लावला. देखणा ठिपका होता. आणि असं करून मी, माजी निरीक्षक, खोटं सील लावणारा इसम झालो.

रविवारी सकाळी मनाला इतकं खायला लागलं, की मी कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या सेवेला फोन केला. सगळं कबूल करून टाकायचं ठरवलं होतं. पलीकडे एक मुलगी होती.

“मशीन कोणाच्या नावावर आहे, सर?”

“पत्नीच्या.”

“आपण कोण? मालक, ऑपरेटर की तंत्रज्ञ?”

“मी पती.”

“पती हा पर्याय नाहीये, सर.”

“अहो, पण मी आहे!”

“मग ‘इतर’ टाकते.” तिने टाकलंही. “बोला, काय तक्रार आहे?”

“तक्रार नाही, कबुली आहे. बॉबीनच्या डबीवरचं तुमचं लाल सील मी तोडलंय.”

बराच वेळ संगीत वाजलं. व्हायोलिनच होतं.

“सर, आम्ही बॉबीनच्या डबीवर सील लावत नाही.”

“लावता. मी तोडलंय ना!”

“नाही लावत, सर.”

“तुम्ही नवीन आहात का?”

“चार वर्षं झाली, सर.”

“वरिष्ठांना द्या.”

वरिष्ठ आले. तेही म्हणाले, नसलेलं सील तुटल्याची नोंद घेता येत नाही, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. मी म्हटलं, रकाना नाही म्हणून गुन्हा होत नाही असं आहे का? त्यांनी माझे आभार मानले. पाच मिनिटांत फोनवर मेल आला. ‘प्रिय इतर, आपल्या समाधानातच आमचं समाधान आहे.’ कंपनी इतकी गाफील असेल असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पाचला ही आली. पाणीसुद्धा न पिता समोरच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे दारात उभा. तीन तुकडे मी टेबलावर घडी करून, घरटी आतल्या बाजूला जातील असे ठेवले होते. तिने एकेक उलगडला. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं मला. तिने उरलेले दोन तुकडे दोनदा मोजले आणि ती खुर्चीवर बसली.

“मी सांगून गेले होते,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “पंचवीस वर्षांत एकदाच काहीतरी आलं होतं हो.”

मग मी सगळं सांगितलं. वजनं, तज्ज्ञ, शेवाळ, मास्तर. सगळ्यात शेवटी सील. “खोटं सील मी लावलंय. कंपनीला कळवलंय, पण ते दाद देत नाहीत.”

तिने डबी काढली, ठिपका पाहिला आणि तिच्या तोंडाचा कोपरा हलला.

“हे सील कंपनीचं नाही,” ती म्हणाली. “माझं आहे.”

“तुझं?”

“गेल्या आठवड्यात तुम्ही भिंग घेऊन मशीनभोवती फिरत होतात ना, त्याच दिवशी लावलं. तुमच्यासाठी. मी नसताना स्क्रूला हात लावलात की नाही ते कळावं म्हणून.”

“मग ते मी पुन्हा लावल्याचं सांगितलं नसतं, तर...”

“तरी कळलंच असतं. माझा ठिपका वाकडा होता. एवढा गोल ठिपका या घरात एकच माणूस काढतो.”

मग तिने पट्टीचा स्क्रू सैल केला आणि एका जुन्या लग्नपत्रिकेचा कोपरा कापून पट्टीच्या खालून हळूच सरकवला. पट्टीच्या पलीकडून पांढऱ्या कचऱ्याची एक चपटी गोळी बाहेर पडली. नखाच्या कडेवर मावेल एवढी. धाग्याची लव साठून झालेली.

“ही होती पट्टीखाली. पट्टी तिच्यावर टेकलेली, म्हणून धागा सैल. तुम्ही आवळलंत तेव्हा ती थोडी सरकली, आणि धागा एकदम करकचला.” ती गोळी तिने माझ्या तळहातावर ठेवली. “वजन तुम्ही अगदी बरोबर केलंत. कचऱ्याचं केलंत, एवढंच.”

मी मखमली पेटीकडे पाहिलं. झाकण उघडंच होतं. ‘आधी पारडं पुसा, मग वजन करा.’ मी जाऊन ते लावून टाकलं.

तिने डबी लोंबकळत धरली आणि हलका झटका दिला. डबी बोटभर खाली आली आणि थांबली. वजनं नाहीत, पुस्तक नाही. मग वरची बाराही बटणं एकेक करून जुळवली, सातवी सुई उजवीकडून मोजून. चिंधी शिल्लक नव्हती, म्हणून माझ्या रुमालावर एक शिडी काढून पाहिली. उलट करून मला दाखवली. पाठीवर मधोमध पांढरी रेघ, दोन्ही कडांना सारखा लाल.

“असं दिसलं पाहिजे,” ती म्हणाली. “आता पाणी द्या मला, आणि मी म्हणेपर्यंत या खोलीत येऊ नका.”

शेवटचे दोन तुकडे भरून होईपर्यंत मी स्वयंपाकघरात उभा होतो. बारा मिनिटं एक, बारा मिनिटं दुसरा. मध्ये एकदा मशीन थांबलं तेव्हा मी दारापर्यंत जाऊन परत आलो. पण ते फक्त रंग बदलायला थांबलं होतं. दोन्ही झाले. ती स्वयंपाकघरात आली, टेबलाशी बसली आणि दोन मिनिटं नुसती हसत राहिली. मग तिने माझ्या खिशातली नेलपॉलिशची बाटली काढून घेतली. आधी डबीच्या स्क्रूवर एक वाकडा ठिपका लावला. मग माझा उजवा अंगठा ओढून त्याच्या नखावर एक लावला.

“हे काय?”

“सील. पुसलंत तर बघा.”

सोमवारी अकराला आम्ही अग्निशमन केंद्रावर गेलो. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दाराच्या काचेतून दिसत होतं. साहेबांनी नमुने आधी उलटे केले, पाठ पाहिली, नखाने टाके खरवडले, एक धागा ओढायचा प्रयत्न केला आणि नाही ओढला गेला तेव्हा मान हलवली. मग त्यांनी हिला काहीतरी विचारलं आणि ही बोलायला लागली. हात हलवून, डबी लोंबकळते कशी ते दाखवत, खुर्चीत पुढे सरकून. साहेब ऐकत होते. माझी बायको इतकं छान बोलते हे मला त्या काचेतून कळलं.

येताना निळ्या कापडाचा भला मोठा गठ्ठा मिळाला. तो अर्थातच माझ्या डोक्यावर. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वही पुढे केली, माल बाहेर नेताना नोंद लागते म्हणाला. हिने सही केली. त्याने तिच्या नावापुढे ‘मालक’ लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. नखावरच्या लाल ठिपक्याकडेही पाहिलं.

“आणि आपण कोण? ऑपरेटर?”

ही थांबली होती आणि माझं तोंड बघत होती.

“इतर,” मी म्हणालो, आणि गठ्ठा सावरून तिच्यामागून निघालो.